परदेशी तूर आणि आर्वीचा कास्तकार

आर्वीच्या बाजार समितीच्या आवारात नव्या तुरीची आवक साधारणतः पौषाच्या अखेरीस सुरू होते आणि शिमग्यापर्यंत चालते. रोहणा, खरांगणा, विरूळ या बाजूंची बैलगाडी आता दुर्मीळ झाली असून तिची जागा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने आणि लहान मालमोटारीने घेतली आहे. पण हर्रासाची रीत फारशी बदललेली नाही. ढिगात हात घालून दाणा पाहावयाचा, ओलावा अजमावयाचा आणि बोली बोलावयाची. ही बोली ज्या आकड्यापासून सुरू होते तो आकडा मात्र आर्वीत ठरत नाही. तो नागपूर, अकोला आणि लातूर येथील डाळ गिरण्यांत ठरतो. आणि त्या गिरण्यांतही तो पुष्कळदा मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरात उतरलेल्या मोझांबिकच्या, टांझानियाच्या अथवा म्यानमारच्या तुरीवरून ठरतो. वर्धा नदीच्या खोऱ्यातील कास्तकाराचा आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील शेतकऱ्याचा असा संबंध जुळलेला आहे, हे ध्यानात घेतल्यावाचून "भाव का पडला?" या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

स्वस्त परदेशी धान्यापासून देशातील शेतकऱ्याला संरक्षण द्यावे की नाही, दिल्यास किती व कोणत्या साधनाने, हा वाद नवा नाही. तो समजून घेताना वर्धा जिल्ह्याच्याच इतिहासाकडे वळल्यास एक मौजेची गोष्ट आढळते.

जेव्हा आपला गहू परदेशी होता

वर्धा जिल्हा १८६२ साली अस्तित्वात आला. नागपूरकडे जाणारा लोहमार्ग याच दशकात या भागात आला आणि १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. या दोन घटनांनी मध्य प्रांताचा गहू विलायतेच्या बाजारात स्वस्तात पोहोचू लागला. तोपर्यंत इंग्लंडने १८४६ मध्ये आपले धान्य कायदे रद्द करून परदेशी धान्याला दारे मोकळी केलेली होती. १८७० नंतर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील गव्हाबरोबर हिंदुस्थानचा गहूही तेथे जाऊ लागला, आणि इंग्रज शेतकरी त्या काळी जी तक्रार करी ती आज आपल्या कास्तकाराच्या तोंडी असलेल्या तक्रारीहून वेगळी नव्हती. म्हणजे एकेकाळी स्वस्त परदेशी धान्य म्हणून ज्याच्या नावाने बोटे मोडली जात, त्यात आपल्या खोऱ्यातील गव्हाचाही वाटा होता.

त्या पेचातून निरनिराळ्या देशांनी निरनिराळे मार्ग काढले. इंग्लंडने दारे उघडीच ठेवली. त्याची धान्यशेती आक्रसली आणि शहरातील कामगाराला स्वस्त पाव मिळाला. जर्मनीने १८७९ मध्ये धान्यावर जकात बसविली, फ्रान्सने १८९२ मध्ये तिचे दर वाढविले. हिंदुस्थानावर हीच पाळी १९३० च्या मंदीत आली. ऑस्ट्रेलियाचा गहू जहाजाने कलकत्त्यास जितक्या स्वस्तात येई, तितक्या स्वस्तात पंजाबचा गहू रेल्वेने तेथे पोहोचत नसे. तेव्हा १९३१ मध्ये आयात गव्हावर शुल्क आकारणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. परकीय सरकारलाही जे टाळता आले नाही, ते संरक्षणाचे तत्त्व या देशात असे सुमारे शतकभरापूर्वी रुजले.

मिलोचे दिवस

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे रूप पालटले. देशात धान्याचा तुटवडा होता आणि अमेरिकेजवळ साठे पडून होते. अमेरिकेच्या १९५४ च्या ज्या कायद्यान्वये हे धान्य रुपयांच्या मोबदल्यात मिळू लागले, तो पी. एल. ४८० या नावाने आपल्याकडे घरोघरी माहीत झाला. भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. १९६५ व १९६६ या लागोपाठच्या अवर्षणांत ही आयात कळसाला पोहोचली; १९६६ या एका वर्षात सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. महाराष्ट्रातील वयस्क वाचकांना शिधावाटप दुकानातील तो लाल गहू आणि ती तांबूस ज्वारी, म्हणजे 'मिलो', आठवत असेल. १९७२ च्या दुष्काळातही मिलोने पुष्कळांची चूल पेटती ठेवली. तिच्या भाकरीला चव नव्हती हे खरे. पण ती नसती तर काय झाले असते याचाही विचार केला पाहिजे. (शेतांच्या धुऱ्यांवर माजलेले गाजर गवत त्याच गव्हाबरोबर आले, असे सांगितले जाते. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास ते पुण्याच्या परिसरात प्रथम लक्षात आले.)

हे धान्य भुकेल्यासाठी वरदान होते, तसेच पिकविणाऱ्यासाठी शाप होते काय? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्येच इशारा दिला होता की, फुकटाच्या मोलाने येणारे धान्य घेणाऱ्या देशातील भाव दाबून ठेवते आणि तेथील शेतकऱ्याचा उत्साह मारते. भारतात या प्रश्नाचा जो बारकाईने अभ्यास झाला, त्यात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील नीलकंठ रथ आणि व्ही. एस. पटवर्धन यांच्या १९६७ च्या ग्रंथाचे स्थान महत्त्वाचे आहे. वाद अभ्यासकांत चालू राहिला. धोरणात मात्र वळण आले. जानेवारी १९६५ मध्ये प्रा. मो. ल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली कृषिमूल्य आयोग नेमण्यात आला आणि त्याच वर्षी भारतीय अन्न महामंडळ सुरू झाले. शेतकऱ्याने अधिक पिकवावे अशी इच्छा असेल, तर पेरणीपूर्वीच त्याला किमान भावाची हमी दिली पाहिजे, हे सूत्र तेव्हापासून मान्य झाले. १९८५ मध्ये या आयोगाचे नाव बदलून त्यात 'कृषी परिव्यय' हे शब्द आले.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. हमीभाव ही देशाच्या आतील भिंत आहे आणि आयातशुल्क ही देशाच्या वेशीवरील. आतली भिंत कितीही उंच बांधली आणि वेस उघडी ठेवली, तर शासनाला एक तर सगळाच माल स्वतः विकत घ्यावा लागतो किंवा हमीभाव कागदावर राहतो. गहू आणि तांदळाच्या बाबतीत पंजाब-हरियाणात खरेदीची यंत्रणा उभी राहिली. कडधान्याच्या बाबतीत, विशेषतः विदर्भात, ती दीर्घकाळ तुटपुंजी होती.

जागतिक व्यापार संघटना आणि ज्वारीची गोष्ट

१५ एप्रिल १९९४ रोजी माराकेश येथे करार झाला आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. भारत तिचा संस्थापक सभासद आहे. या करारातील दोन संज्ञा प्रत्येक सुशिक्षित शेतकऱ्याने समजून घ्याव्यात. पहिली 'बांधील दर': एखाद्या मालावर जास्तीत जास्त किती आयातशुल्क लावता येईल याचे देशाने दिलेले वचन. दुसरी 'प्रत्यक्ष दर': त्या मर्यादेच्या आत, त्या त्या वेळी खरोखर आकारले जाणारे शुल्क. भारताने प्राथमिक शेतमालासाठी साधारणतः १०० टक्के, प्रक्रिया केलेल्या मालासाठी १५० टक्के आणि बहुतेक खाद्यतेलांसाठी ३०० टक्के असे बांधील दर नोंदविले. सोयाबीनचे तेल मात्र अपवाद. त्याचा बांधील दर अवघा ४५ टक्के आहे. आर्वी परिसरात कपाशीच्या बरोबरीने सोयाबीन पेरले जाते, म्हणून हा अपवाद येथे मुद्दाम नमूद केला.

ज्वारीची कहाणी याहून उद्बोधक आहे. गॅट कराराच्या सुरुवातीच्या काळात, देशात धान्याची चणचण असताना, आपण काही पदार्थांवर शून्य शुल्काचे वचन देऊन बसलो होतो. त्यांत तांदूळ, मका, ज्वारी, दूध भुकटी यांचा समावेश होता. ज्याची आयात करावयाची इच्छाच होती, त्यावर शुल्क कशाला, असा तेव्हाचा विचार असावा. आयातीवर संख्यात्मक निर्बंध होते तोवर या शून्याने काही बिघडले नाही. परंतु ते निर्बंध कायम ठेवण्याबाबतच्या वादात १९९९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा निर्णय भारताच्या विरोधात गेला. १ एप्रिल २००० रोजी ७१४ आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरील निर्बंध उठविण्यात आले. शून्य शुल्काचे ते जुने वचन तसेच राहिले असते, तर या तारखेनंतर बाहेरची ज्वारी बिनशुल्क आत आली असती. १९९९-२००० च्या सुमारास संबंधित देशांशी फेरवाटाघाटी करून हे दर बदलून घेण्यात आले. ज्वारीला ८० टक्क्यांपर्यंत, मक्याला ६० टक्क्यांपर्यंत मर्यादा मिळाली. मोबदल्यात इतर काही सवलती द्याव्या लागल्या. गव्हाच्या बाबतीत डिसेंबर १९९९ मध्ये ५० टक्के शुल्क लावण्यात आले, कारण दक्षिणेकडील गिरण्यांना ऑस्ट्रेलियाचा गहू उत्तरेकडील गव्हापेक्षा परवडू लागला होता. १९३१ चीच ही पुनरावृत्ती होय. २०१६ च्या डिसेंबरात हे शुल्क शून्यावर आले, मार्च २०१७ मध्ये पुन्हा १० टक्के झाले आणि टप्प्याटप्प्याने वाढत एप्रिल २०१९ मध्ये ४० टक्क्यांवर गेले.

थोडक्यात, कायद्याने आपले हात बांधलेले आहेत ही समजूत बरोबर नाही. बांधील दर आणि प्रत्यक्ष दर यांत बहुतेक धान्यांच्या बाबतीत भरपूर अंतर आहे. ते अंतर केव्हा आणि कसे वापरावयाचे, हाच खरा प्रश्न आहे; आणि त्याची कसोटी तुरीवर लागली.

दोनशे रुपयांची डाळ आणि त्यानंतर

२०१४ व २०१५ या दोन वर्षांत पावसाने दगा दिला. २०१५-१६ मध्ये देशातील तुरीचे उत्पादन सुमारे २५.६ लाख टन झाले आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये किरकोळ बाजारात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. वरण हा ज्या घरातील रोजचा पदार्थ, त्या घरात तो आठवड्यातून दोनदा होऊ लागला. आयात वाढविणे त्या वेळी अपरिहार्यच होते. ७ जुलै २०१६ रोजी मोझांबिकशी दीर्घ मुदतीचा करार झाला. तेथून येणारी कडधान्ये १ लाख टनांवरून २०२०-२१ पर्यंत २ लाख टनांपर्यंत न्यावयाची, असे ठरले.

इकडे कास्तकारानेही भाव पाहिला होता. जून २०१६ च्या पेरणीत त्याने कपाशीच्या रांगांमध्ये तुरीच्या ओळी वाढविल्या, कित्येकांनी सलग तूर घेतली. पाऊसही अनुकूल झाला. तूर हे पाच ते सहा महिन्यांचे पीक. जूनमधील निर्णयाचे फळ जानेवारीत मिळते. त्या जानेवारीत देशात सुमारे ४८.७ लाख टन तूर पिकली, म्हणजे आधीच्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट. एकट्या महाराष्ट्रात सुमारे २० लाख टन. आणि त्याच २०१६-१७ या वर्षात बाहेरून सुमारे ६६ लाख टन कडधान्ये देशात आली, त्यांत सुमारे ७ लाख टन तूर होती. टंचाईच्या काळात केलेले सौदे विपुलतेच्या काळात बंदरात उतरले. तुरीवर तेव्हा आयातशुल्क नव्हते.

शासनाने त्या हंगामासाठी बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये आधारभूत किंमत जाहीर केली होती. बाजारात तूर ४,००० च्या आसपास आणि त्याखालीही विकली गेली. खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या. बारदान्याचा तुटवडा पडला, गोदामे भरली, चाळणी लागेपर्यंत आणि माप होईपर्यंत माल दिवसचे दिवस उघड्यावर राहिला. राज्यात २२ एप्रिल २०१७ पर्यंत मुदत वाढविण्यात आली आणि त्यानंतर बाजार हस्तक्षेप योजनेखाली खरेदी पुढे चालू ठेवावी लागली. राज्याच्या इतिहासात तुरीची एवढी मोठी शासकीय खरेदी पूर्वी झालेली नव्हती, हे नमूद केले पाहिजे. परंतु ज्या लहान कास्तकाराला कर्जफेडीसाठी फेब्रुवारीतच पैसा हवा होता, तो रांगेत थांबू शकला नाही. त्याने आपला माल व्यापाऱ्याला दिला आणि पुढे तोच माल दुसऱ्याच्या सातबारावर केंद्रात आला, अशा तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या.

वेशीवरची उपाययोजना मागाहून आली. २८ मार्च २०१७ रोजी तुरीवर १० टक्के शुल्क लावण्यात आले, तोपर्यंत विदर्भातील पुष्कळशी तूर घरातून निघाली होती. ५ ऑगस्ट २०१७ रोजी तुरीची आयात वर्षाला २ लाख टनांपुरती मर्यादित करण्यात आली. नोव्हेंबरात पिवळ्या वाटाण्यावर ५० टक्के, डिसेंबरात हरभरा व मसूर यांवर ३० टक्के शुल्क आले. हरभऱ्याचे ते मार्च २०१८ मध्ये ६० टक्के झाले. डाळींच्या निर्यातीवर २००६ पासून असलेली बंदीही २०१७ मध्ये उठविण्यात आली. ही सर्व पावले योग्य होती. ती एक हंगाम आधी पडावयास हवी होती, एवढेच.

दहा टक्क्यांनी भाव का वाढला नाही?

१० टक्के शुल्क लावूनही आर्वीच्या हर्रासात त्याचा परिणाम दिसला नाही, याची दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की, तूर पुरविणारे मोझांबिक, टांझानिया, मलावी व म्यानमार हे देश अल्पविकसित देशांच्या यादीतील आहेत आणि २००८ पासून भारताने अशा देशांच्या मालाला शुल्कात सवलत दिलेली आहे. शुल्काची चाळणी लावली, पण माल तिच्या बाजूने निघून गेला. म्हणूनच तुरीच्या बाबतीत शुल्कापेक्षा आयातीच्या प्रमाणावरील मर्यादा, म्हणजे कोटा, हे साधन अधिक परिणामकारक ठरले.

दुसरे कारण हिशेबाचे आहे. ते समजावे म्हणून पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेऊ. ते कोणत्याही दिवसाचे प्रत्यक्ष भाव नव्हेत. समजा, परदेशी तूर बंदरात क्विंटलला ६,५०० रुपयांना उतरते आणि तेथून नागपूरच्या गिरणीपर्यंत आणण्यास २५० रुपये लागतात. शुल्क नसेल तर गिरणीला ती ६,७५० रुपयांना पडते. आर्वीहून त्याच गिरणीत माल नेण्यास अडत, हमाली, वाहतूक धरून १५० रुपये लागतात असे मानू. तर गिरणीमालक आर्वीच्या तुरीला ६,६०० पेक्षा जास्त भाव कशाला देईल? हमीभाव ८,००० रुपये असला, तर कास्तकार १,४०० रुपयांनी मागे राहिला. १० टक्के शुल्काने हा भाव ७,२५० होतो. अजून ७५० रुपये कमी. हमीभावाशी बरोबरी साधण्यास या उदाहरणात साडेएकवीस टक्के शुल्क लागते. याचा अर्थ असा की, शुल्काचा दर हा आवडीनिवडीचा किंवा घासाघिशीचा विषय नसून हमीभाव आणि बंदरातील भाव यांच्या वजाबाकीतून निघणारे उत्तर आहे. ही वजाबाकी न करता लावलेले शुल्क एक तर निरुपयोगी ठरते किंवा ग्राहकावर अकारण बोजा टाकते.

आता समजा, पुढील महिन्यात परदेशी भाव आणखी घसरून ६,००० झाला. तेच साडेएकवीस टक्के शुल्क १,४०० ऐवजी १,२९० रुपयेच होते आणि आर्वीचा भाव ७,३९० वर येतो. भाव जितका पडावा, तितके संरक्षण तोकडे व्हावे, हा टक्केवारीच्या शुल्काचा अंगभूत दोष आहे. यावर उपाय म्हणून युरोपीय देशांनी १९६२ पासून बदलत्या शुल्काची पद्धत स्वीकारली होती. देशातील ठरलेली किंमत आणि परदेशी किंमत यांतील फरक जितका, तितके शुल्क. परदेशी भाव कितीही खाली गेला तरी आतला भाव ढळत नसे. ही पद्धत १९९४ च्या कराराने बंद केली. परंतु बांधील दराच्या मर्यादेत राहून प्रत्यक्ष दर हंगामाच्या आधी पाहून-मोजून बदलण्यास कोणाची मनाई नाही.

दारे पुन्हा उघडली

२०२० नंतर पारडे पुन्हा दुसरीकडे झुकले. १५ मे २०२१ रोजी तुरीची आयात मुक्त करण्यात आली. ही सवलत सुरुवातीस त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत होती. नंतर तिची मुदत वेळोवेळी वाढवीत ३१ मार्च २०२६ पर्यंत नेण्यात आली. जून २०२१ मध्ये म्यानमारशी वर्षाला १ लाख टन तूर व अडीच लाख टन उडीद, तसेच मलावीशी ५० हजार टन तूर, असे पाच वर्षांचे करार झाले. मार्च २०२३ मध्ये अखंड तुरीवरील १० टक्के शुल्कही काढून टाकण्यात आले. जून २०२३ पासून व्यापाऱ्यांवर साठ्याच्या मर्यादा आल्या. यामागे कारण होते. पीक दोन वर्षे कमी आले होते, २०२३-२४ मध्ये उत्पादन ३४ लाख टनांच्या आसपासच राहिले, आणि डाळ पुन्हा दीडशे रुपयांच्या पुढे गेली होती. आर्वीच्या शेतमजुराचे कुटुंब धान्य विकत नाही, विकत घेते. त्याच्या बाजूने पाहता आयात हा अन्याय नव्हे. या विषयावर लिहिताना हे कुटुंब नजरेआड करणे इष्ट नाही.

परंतु २०२४ च्या खरिपात तूर चांगली आली आणि चित्र २०१७ सारखे दिसू लागले. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ७३ लाख टन कडधान्ये आयात झाली. तोपर्यंतचा हा उच्चांक होता. यांत तूर सुमारे १२ लाख टन, तर पिवळा वाटाणा २० लाख टनांहून अधिक होता. २०२५ च्या आरंभी, ऐन आवकेच्या वेळी, राज्याच्या बहुतेक बाजारांत तुरीचा भाव ७,५५० रुपयांच्या हमीभावाखाली उतरला.

पिवळ्या वाटाण्याचा तुरीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध बेसनाचा आणि स्वस्ताईचा आहे. कॅनडा व रशियातून येणारा हा वाटाणा हरभऱ्याच्या हमीभावापेक्षा बराच खाली मिळतो. त्याचे पीठ बेसनात जाते, त्याची डाळ उपाहारगृहांच्या स्वयंपाकघरात तूरडाळीची जागा घेते. ८ डिसेंबर २०२३ पासून तो बिनशुल्क येऊ लागला आणि हरभऱ्याबरोबर तुरीचेही गिऱ्हाईक कमी झाले. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के शुल्क पुन्हा लावण्यात आले. रब्बी हरभऱ्याच्या पेरणीच्या वेळीच हा निर्णय झाला, ही गोष्ट चांगली झाली.

येथे दुसऱ्या बाजूच्या शेतकऱ्याविषयीही दोन शब्द लिहिणे योग्य होईल. मोझांबिकचा व म्यानमारचा शेतकरी तूर पिकवितो तो मुख्यतः भारतासाठी. त्याच्या स्वतःच्या ताटात तिला फारसे स्थान नाही. २०१७ मध्ये आपण कोटा लावताच मोझांबिकमध्ये भाव कोसळले आणि तेथील लहान शेतकऱ्याचे हाल झाले. तोही आपल्यासारखाच कोरडवाहू शेती करणारा आहे. एका वर्षी निमंत्रण आणि दुसऱ्या वर्षी कवाड बंद, या धरसोडीने दोन्हीकडचे शेतकरी भरडले जातात. दर वर्षीच्या अपेक्षित तुटीइतकाच कोटा मृगापूर्वी जाहीर करावा आणि तो माल नव्या तुरीची आवक सुरू होण्याच्या पुरेसा आधी बंदरात उतरावा, अशी व्यवस्था झाली तर दोघांनाही पेरणीचा निर्णय डोळसपणे घेता येईल. आफ्रिकेतील काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास होत असल्यामुळे ही गोष्ट अशक्य नाही.

शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी या वादात वेगळी बाजू मांडली होती, तिचाही उल्लेख करावयास हवा. त्यांचे म्हणणे असे की, भारतीय शेतकऱ्याला जागतिक बाजाराने जितके लुटले त्याहून अधिक देशातील निर्बंधांनी लुटले. निर्यातबंदी, साठाबंदी, लेव्ही यांमुळे त्याला मिळणारे अनुदान प्रत्यक्षात उणे होते. डाळींवरील निर्यातबंदी अकरा वर्षे चालली आणि १३ मे २०२२ रोजी गव्हाची निर्यात थांबविण्यात आली, हे पाहता या म्हणण्यात तथ्य नाही असे म्हणवत नाही. भाव चढला की निर्यात बंद आणि आयात खुली, भाव पडला की मात्र शुल्काला उशीर, असे झाल्यास संरक्षणाचा अर्थच उरत नाही. तथापि, ज्या देशांचा माल येतो तेथील सरकारे आपापल्या शेतकऱ्याला विविध मार्गांनी साहाय्य करीत असताना, वेस पूर्णपणे मोकळी सोडावी हा त्यातून निघणारा निष्कर्ष प्रस्तुत लेखकास पटत नाही. खाद्यतेलाचे उदाहरण समोर आहे. १९८६ च्या तेलबिया अभियानानंतर १९९० च्या सुमारास देश तेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ पासून पामतेलाची आयात खुली झाली, त्यावरील शुल्क ६५ टक्क्यांवरून १९९८ पर्यंत १५ टक्क्यांवर आले, आणि पुढे देशाच्या गरजेचे निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येऊ लागले. गेलेली स्वयंपूर्णता परत मिळविणे किती कठीण असते, हे सोयाबीन पेरणाऱ्या आर्वीकरांना सांगण्याची आवश्यकता नाही.

गावपातळीवर काय करता येते

आयातशुल्क दिल्लीत ठरते. तरी बाजाराच्या पडत्या काळात माल विकावा लागू नये, यासाठी काही साधने कास्तकाराच्या हाताशी आहेत आणि त्यांचा उपयोग अजून पुरेसा होत नाही. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. ती राबविणाऱ्या बाजार समितीच्या गोदामात तूर, सोयाबीन, हरभरा यांसारखा माल ठेवल्यास त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. तुरीचा भाव माघात पडतो आणि आवक ओसरल्यावर पुष्कळदा सावरतो. मधल्या काळात पीककर्जाची परतफेड आणि घरातील लग्नकार्य या दोन खर्चांपुरता पैसा हाती आला, तर घाईने विक्री करण्याचे कारण उरत नाही. मात्र सहा महिन्यांत भाव वाढेलच असे नाही, आणि ज्या वर्षी आयात जोरात आहे त्या वर्षी तर मुळीच खात्री धरू नये.

आधारभूत किमतीने तूर विकावयाची असल्यास नोंदणी वेळेत करणे अगत्याचे आहे. सातबारा उताऱ्यावर तुरीची नोंद नसेल, तर केंद्रावर माल स्वीकारला जात नाही. कपाशीत आंतरपीक म्हणून घेतलेल्या तुरीची नोंद करावयाची राहून जाते, हा आपल्या भागातील नेहमीचा अनुभव आहे. ई-पीक पाहणी करताना मुख्य पिकाबरोबर आंतरपिकाचे क्षेत्रही भरावे. ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. कापणीनंतर पेंढ्या चांगल्या वाळवून मळणी केल्यास आणि माल चाळून नेल्यास तो परत येण्याची वेळ येत नाही. नोंदणीसाठी आधार क्रमांक, बँकेचे चालू असलेले खाते, सातबारा व पीकपेरा एवढी कागदपत्रे लागतात. खाते बंद पडलेले असल्याने चुकारा अडकल्याची उदाहरणे दर हंगामात घडतात, तेव्हा बँकेत एकदा चौकशी करून घ्यावी. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीची आधारभूत किंमत क्विंटलला ८,००० रुपये जाहीर झाली. आणि २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तूर, उडीद व मसूर या तीन डाळींची, नोंदणी करणाऱ्या शेतकऱ्यांकडून जेवढी येईल तेवढी खरेदी चार वर्षांपर्यंत करण्याचे आश्वासन देण्यात आले आहे. या आश्वासनाचा लाभ नोंदणी केलेल्यासच मिळेल.